चुकीचं फिजिक्स

तुलारे, कॅलिफोर्निया
१० सप्टेंबर २०२३

प्रिय मादीन,

आशीर्वाद असू द्या.

तुम्ही तेर्सेरा बेटावर, आपल्या पोर्तुगीज मुलखात, नीट पोहोचलात, भावाच्या घरातली वरची खोली तुम्हाला मिळाली आणि खिडकीतून समुद्र दिसतो, हे आईकडून कळलं. ती दर रविवारी तुमच्याशी फोनवर बोलते. मी मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर बोलायला लागलं की तुम्हाला रडू येतं आणि मग मलाच तुमची समजूत काढावी लागते. पत्रात तेवढी भीती नाही.

इकडे उन्हाळा सरता सरत नाही. दोन गाई उष्म्याने गेल्या. बाबांच्या डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड-अंधार कळतो. उजव्यात डॉक्टर सुया देतात, त्याने टिकेल तेवढं टिकेल. गाडी चालवणं बंद झालंय. दूध तपासायला येणाऱ्या सरकारी बाईशी मी बोलते, औषधाच्या बाटल्यांवरचं मी वाचून दाखवते. हेल्दर आयडाहोतून फोन करून सल्ले देतो. त्याच्या गोठ्यात धारा काढायला रोबो आणलेत म्हणे. मोठ्या भावाला सल्ले द्यायला काय जातं!

आई ठीक आहे.

माझं कॉलेज अजून चालू आहे. हो, अजून. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. मला ते एकदा ओळीने मांडलेलं बघायचंय.

ठरलं होतं ते असं: गावातल्या कॉलेजात दोन वर्षं, मग किनाऱ्यावरच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि फिजिक्सची पदवी. आपल्याकडची निम्मी पोरं असंच करतात. विद्यापीठ एवढंच बघतं, की पहिल्या दोन वर्षांत तुम्ही त्यांना हवे तेच विषय केलेत का. आणि कुठल्या सत्रात कुठला विषय घ्यायचा हे आखून देणारी कॉलेजातली कौन्सेलर तर माझी स्वतःची मादीन. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरणारी धर्ममाता. बाकीची पोरं तुमच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसायची. मला तिथे यावंसुद्धा लागलं नाही. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी पीत पीत माझी दोन वर्षं आखलीत. 'आधी संख्याशास्त्र घे, कॅल्क्युलसची घाई नको. फिजिक्स मात्र लगेच घे, तुझ्या आवडीचं आहे.' मी मान डोलावली. मी कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. कशाला विचारू?

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात विद्यापीठांची माणसं कॉलेजात टेबलं मांडून बसली होती. मी मोठ्या ऐटीत गेले. समोर एक तरुण मुलगा होता.

"फिजिक्स? अरे वा. कॅल्क्युलस कितवं झालं?"

"अजून नाही. पुढच्या सत्रात पहिलं."

त्याने माझी गुणपत्रिका जवळ ओढली. "आणि फिजिक्स?"

"दोन्ही सत्रं झाली. दोन्हीत 'ए'."

त्याने विषयांच्या यादीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे फिजिक्स आमच्याकडे धरत नाहीत. हे कॅल्क्युलसशिवायचं आहे. नर्सिंगला, फिजिओथेरपीला जाणारी मुलं घेतात ते. तुम्हाला इंजिनिअर घेतात ते हवं होतं, तीन सत्रांचं." आणि आवाज खाली आणून, "हे घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी काय म्हटलं ठाऊक आहे? "तुम्ही नवीन दिसताय. माझ्या कौन्सेलर तुमच्या जन्माच्या आधीपासून हे काम करतात." मागची पोरं हसली. मीही हसले, त्याच्याकडे बघून. किती कीव आली असेल त्याला माझी.

तिथून तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही दार लावलंत. "अगं, ही विद्यापीठं दर वर्षी नियम बदलतात, आम्ही तरी काय करायचं?" म्हणालात आणि रडायला लागलात. मी तुम्हाला पाणी आणून दिलं.

तेव्हापासून मी हुकलेलं गाठायला धावतेय. पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय खरं फिजिक्स सुरू करू देत नाहीत. त्या फिजिक्सचं दुसरं सत्र फक्त वसंतात असतं, ते हुकलं की वर्ष गेलं. तिसरं तर आपल्या कॉलेजात पोरं मिळत नाहीत म्हणून बंदच केलंय. म्हणून तिन्ही सत्रं एकाच जागी करायला आता सकाळच्या धारा झाल्या की मी फ्रेस्नोच्या कॉलेजात जाते आणि संध्याकाळच्या धारांना परत येते. अजून दीड वर्ष, मग अर्ज.

मला एकच विचारायचंय. नियम खरंच बदलले होते का? तुमची काही चूक झाली असेल तर तसं लिहा. मला खरं काय ते तुमच्या हाताने लिहिलेलं हवंय. बाकी काही नको.

उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
इदालिना


तुलारे
६ जानेवारी २०२४

ओदिलिया फागुंदेस यांना,

तुमचं नाताळचं कार्ड मिळालं. मेंढरं, तारा, गव्हाणीतला बाळ येशू, आणि आत तुमच्या वळणदार अक्षरात: 'पोरी, नियम बदलले होते. मलाही फार वाईट वाटतं. देव जे करतो त्यामागे त्याचा काही हेतू असतो.'

देवाला यात ओढू नका. त्याने माझे विषय निवडले नव्हते.

मला ऑगस्टपासून सगळं माहीत होतं. सप्टेंबरचं पत्र लिहिताना माहीत होतं. 'चूक झाली असेल तर तसं लिहा,' असं मी तुम्हाला किती सोपं करून दिलं होतं! नुसतं 'चूक झाली' एवढं लिहिलं असतंत तरी ते अर्धं खोटं असतं, आणि तेवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. तुम्ही पूर्ण खोटं लिहिलंत, वर मेंढरं चिकटवलीत.

कसं कळलं ते सांगते. आई आणि मी मागच्या अंगणात बाकल्याच्या शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, मी फ्रेस्नोच्या कॉलेजात नाव घातलंय.

"फ्रेस्नोला? रोज?"

"रोज."

"आणि ते झालं की मग जाणार?"

"मग जाणार."

तिने एक शेंग उगाचच दोनदा सोलली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "एवढं सगळं केलं तरी हिचं खूळ काही उतरत नाही."

"एवढं सगळं म्हणजे?"

"काही नाही."

"आई, एवढं सगळं म्हणजे काय? कुणी काय केलं?"

"बोलायची पद्धत असते गं! प्रत्येक शब्द काय धरून बसतेस?"

मी परात ओढून घेतली. मग तिच्या तोंडून आलं. "ओदिलिया म्हणाली, वाट लांब झाली की पोरी आपोआप कंटाळतात. नर्सिंगला तेच विषय चालतात, इथल्या इथे नोकरी लागेल, घरातच राहील. तुझ्या बाबांचे डोळे तेव्हाच जायला लागले होते. हेल्दर तर गेलाच होता. मी काय करायचं होतं?"

वाट लांब झाली की पोरी आपोआप कंटाळतात. हे वाक्य मी फ्रेस्नोच्या रस्त्यावर रोज ऐकते, जाताना आणि येताना. किती वर्षांच्या अनुभवातून आलं असेल हो ते? अजून कुणाकुणाच्या आया तुमच्याकडे आल्या होत्या? कितीजणी कंटाळून घरी बसल्या? कुणी तुमच्यावर कधी संशय घेतला का? नसेलच. सगळ्यांना तुम्ही कॉफी पाजली असेल.

'जाऊ नकोस' म्हणाला असतात तर मी 'जाणार' म्हटलं असतं. आपण कडाकडा भांडलो असतो, आई रडली असती, बाबा उठून गोठ्यात गेले असते. ते चाललं असतं. आपल्यात काय भांडणं होत नाहीत? तुम्ही मला भांडूही दिलं नाहीत. हसत हसत माझ्या ताटात आणखी एक सॉसेज वाढलंत आणि माझी दोन वर्षं काढून घेतलीत.

आणि तो केक! त्या फिजिक्सला मी वर्गात पहिली आले तेव्हा तुम्ही केक आणला होतात. वर साखरेने 'आमची शास्त्रज्ञ' लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने लिहिलं होतंत तुम्ही. ते लिहिताना काय चाललं होतं तुमच्या मनात? मला हे खरंच समजून घ्यायचंय. मी त्या विषयासाठी जीव तोडत होते आणि तो कुठेच धरला जाणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही 'शास्त्रज्ञ' या शब्दावर चेरी ठेवलीत.

फ्रेस्नोला आम्हाला थाओ मॅडम शिकवतात. आग्नेय आशियातल्या हमोंग लोकांपैकी आहेत, बुटक्या, फळ्याच्या वरच्या भागात लिहायला स्टुलावर चढतात. पहिल्याच आठवड्यात मी फाडफाड उत्तरं दिली तेव्हा म्हणाल्या, "तुला सूत्रं पाठ आहेत. आता ती येतात कुठून ते बघू या." आणि त्यांनी कॅल्क्युलस लावून पडणाऱ्या दगडाचं सूत्र फळ्यावर उभं केलं. मी जे दोन सत्रं घोकत बसले होते ते तीन ओळींत आपोआप बाहेर आलं. मला इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी तुमचा इतका राग आला, की मी वही मिटून बाहेर गेले आणि पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला लाथा घातल्या. हे सगळं मला दोन वर्षं आधी मिळायचं होतं.

डिसेंबरात परीक्षेच्या सकाळी आपल्याकडचं ते दाट धुकं उतरलं होतं. तुम्हाला आठवत असेल, स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. मी गाडीसकट कालव्यात गेले. फार लागलं नाही, पाणी नव्हतं. एका ट्रकवाल्याने दोर लावून गाडी काढली आणि म्हणाला, "घरी जा, बाई, असं काय अडलंय?" मी चिखलाच्या बुटांनी परीक्षेला पोहोचले. थाओ मॅडमनी माझ्याकडे बघितलं, "बस. आधी श्वास घे," म्हणाल्या आणि सगळ्या वर्गाचे पेपर उशिरा वाटले. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. मला कालव्यात काही झालं असतं तर तुम्ही कुठला हेतू लिहिला असतात कार्डात?

आईबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती ठीक आहे.

पुन्हा कार्ड पाठवू नका.

इदालिना तोस्ते


किनाऱ्यावरून
२८ सप्टेंबर २०२५

मादीन,

शेवटी हेच लिहिलं. तुम्हाला दुसरी हाक मारायला तोंड वळत नाही, याचाही राग येतो.

तुमचं सात पानांचं पत्र मागच्याच्या मागच्या वसंतात आलं. मी उत्तर दिलं नाही, पण फाडलंही नाही. त्यात तुम्ही सगळं कबूल केलंत. आई तुमच्या ऑफिसात आली होती, तुमचे पाय धरले होते, तुम्हाला नाही म्हणवलं नाही. पुढे लिहिलंत, 'माझी ग्राझिएला शिकायला गेली ती गेलीच. नातवाचं तोंड मी फोटोत बघते. तुझ्या आईवर ती पाळी येऊ नये म्हणून मी तुला ग्राझिएला होऊ दिलं नाही.' आणि शेवटी, 'तुझा खरा राग तुझ्या आईवर, नतेर्सियावर आहे. तो तू माझ्यावर काढतेस.'

हे शेवटचं वाचून मी तुम्हाला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. गोठ्यात होते, गाई दचकल्या. कारण ते खरं होतं. आईवर ओरडायला मला जमत नव्हतं. एकाच घरात राहायचं, एकाच टेबलावर जेवायचं, बाबांना संशय येऊ द्यायचा नाही. त्या ऑगस्टपासून आम्ही दोघी 'मीठ दे' आणि 'पशुवैद्य आला' एवढंच बोलत होतो. पण म्हणून तुमचा हिशोब मिटत नाही. तिने जे मागितलं ते देणाऱ्या तुम्ही होतात. ती घाबरलेली बाई होती. तुम्ही कौन्सेलर होतात.

यंदा एप्रिलमध्ये मला प्रवेश मिळाला. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आईने ऐकलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

मग मे महिन्यात आपल्या समाजाच्या पोर्तुगीज हॉलमध्ये जे झालं ते तुमच्या कानावर तुकड्यातुकड्याने आलंच असेल. माझ्याकडून पूर्ण ऐका.

हॉलचा कारभार बघणारे लिबेरियू काका घरी आले. हॉलतर्फे यंदापासून एका विद्यार्थ्याला पुरस्कार द्यायचा, तुमच्या नावाने, आणि पहिला मला.

"तू दोन शब्द बोलायचे. मादीनच्या मार्गदर्शनाने पोर कुठल्या कुठे पोहोचली, याहून चांगलं उदाहरण आम्हाला कुठून मिळणार?"

"काका, मी नाही येणार."

"लाजतेस काय?"

"काका, मी बोलले तर तुम्हाला आवडणार नाही."

"अगं, छोटंसंच बोल! जेवण गार होईल इतकं नको."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ते होतं: निमूटपणे घे आणि निघून जा. ती नजर नसती तर मी खरंच आले नसते. ती बघितली आणि म्हटलं, "बरं, येते."

हॉल भरला होता. मटणाचा रस्सा, पुदिना, भिजवलेला पाव, नेहमीचं सगळं. तुमचा मोठा फोटो फुलांत ठेवला होता. मी मंचावर गेले आणि जे ठरवलं होतं तेवढंच बोलले. मला फिजिक्सला प्रवेश मिळालाय. दोन वर्षांचं काम मला चार वर्षांत करावं लागलं, कारण ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार आहे त्यांनी मी घरीच राहावं म्हणून मला जाणूनबुजून चुकीचे विषय दिले. मला पुरस्कार नको. तुमच्या पोरी कॉलेजात असतील तर विद्यापीठाला कुठले विषय लागतात ते स्वतः वाचा, नाहीतर माझ्याकडे या.

मला वाटलं होतं, बोलून झालं की हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही.

ऑर्मिंदाबाई उठल्या. "उतर खाली! ओदिलिया समोर असती तर तोंड उघडलं असतंस का?"

असतात तुम्ही समोर तर अजून मोठ्याने बोलले असते. पण मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. हातात पळी तशीच.

"ओदिलियाला कुणी काही बोलू नका. तिला मी सांगितलं होतं. मी पाय धरले होते तिचे. ही गेली असती तर आमचं काय झालं असतं? सांगा ना कुणीतरी! आता का गप्प?"

बाबा पुढच्या टेबलावर होते. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"नतेर्सिया? तू बोलतेयस?"

"हो."

"हे माझ्यासाठी केलंस?"

"तुमच्यासाठी."

"मला विचारलंस?"

आईने पळी दुसऱ्या हातात घेतली. बाबांनी तेच पुन्हा विचारलं, जरा हळू. "एकदा तरी मला विचारलंस?"

मग ते उठले, हात पुढे केला आणि मी खाली उतरून तो धरला. आम्ही तिघं पिकअपमध्ये एका ओळीत बसलो, मी चालवत होते, आई मध्ये. अर्ध्या रस्त्यात बाबा म्हणाले, "हेल्दरने गुरांच्या त्या दलालाचा नंबर दिलाय ना? उद्या लाव."

"बाबा, माझ्यामुळे नको."

"गाई माझ्या आहेत. मी ठरवणार. या घरात दुसऱ्याचं ठरवून टाकणं पुरे झालं."

मधे आई रस्त्याकडे बघत बसली होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. दोघींपैकी कुणी तो बाजूला घेतला नाही, पण पिकअपमध्ये जागाच नव्हती, तेव्हा त्याचा अर्थ काढू नका.

आठवड्याने ऑर्मिंदाबाई मागच्या दाराने आल्या. त्याच, 'उतर खाली'वाल्या. बरोबर मुलगी. "हिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय," म्हणाल्या, "विषय बरोबर आहेत का बघ. आणि मी आले होते हे कुणाला सांगू नकोस." रसायनशास्त्राचं एक सत्र चुकलं होतं, वेळेत सापडलं. ते तुम्हीच दिलं होतं का, मी विचारलं नाही. नंतर आणखी दोघीजणी आल्या. लिबेरियू काका मात्र अजून माझ्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. पुरस्काराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

ग्राझिएलाचा फोन आला होता. हॉलची बातमी बॉस्टनपर्यंत गेली. आम्ही लहानपणानंतर कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "तुझं जे केलं ते माझंही झालं असतं. मी आईला न सांगता अर्ज भरला म्हणून वाचले." मी विचारलं, तू इकडे येत का नाहीस. म्हणाली, "प्रत्येक फोनवर ती रडायची. मी काय जेवले, कुठे काम करते, मुलगा कुणासारखा दिसतो, यातलं काही विचारणं नाही. नुसतं रडणं. मग मी फोन कमी केले." हे मी तुम्हाला दुखवायला लिहितेय का? थोडंसं, हो. पण तिने नंबर बदललेला नाही, हेही सांगते.

जुलैत गाई गेल्या. सकाळी ट्रक आले, दुपारपर्यंत गोठा मोकळा. बाबा एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिचं नाव सांगत होते, एकही चुकले नाहीत. आई रिकाम्या गोठ्यात उभी राहिली आणि मला म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही झालं," मी म्हटलं. खरंच नव्हतं झालं. मला शिकायचं होतं. गाई जायला नको होत्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या गळ्यात कुणी बांधल्या? मी नाही.

मी निघाले त्या दिवशी आई दारापर्यंत आली. म्हणाली, "मी चुकले असं मी म्हणणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून यापुढे तुला कळवीन. विचारणार नाही."

ती उंबऱ्यावरच थांबली. बाबा गाडीत बसले होते, हेल्दरने सामान चढवलं होतं. मला वाटलं, आता रडेल. नाही रडली. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मला एक सांग. हे फिजिक्सवाले दिवसभर करतात तरी काय?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. मी बॅग खाली ठेवली आणि सांगितलं. खूप थंड केलं की काही धातूंमधून वीज कुठेही न अडता वाहते, ते का होतं याचा शोध घेणारी माणसं तिथे आहेत, मला त्यांच्यात जायचंय. अर्धं तिला कळलं नाही. अर्धं मलाही अजून नीट माहीत नाही. "किती थंड?" तिने विचारलं. मी सांगितलं. "अगं बाई," ती म्हणाली. हेल्दरने हॉर्न वाजवला तेव्हा आम्ही अजून बोलत होतो. तेवढ्याने सगळं मिटलं असं नाही. मी तिला फोन करते तेव्हा पहिली काही मिनिटं अजून आमच्यात भिंत असते.

पण तिने विचारलं, मादीन. तुमची सात पानं मी आज पुन्हा वाचली. त्यात तुमचं दुःख आहे, ग्राझिएलाचं जाणं आहे, तुमच्या प्रार्थना आहेत, माझ्यासाठी लावलेल्या मेणबत्त्या आहेत. मी काय शिकतेय, मला त्यात काय आवडतं, हे एका ओळीतही विचारलेलं नाही. अठरा वर्षांची असताना तुमच्यासमोर बसले होते तेव्हाही तुम्ही विचारलं नव्हतंत.

तुम्ही क्षमा मागितलीत. माझ्याकडे ती आत्ता नाही. असल्याचं सोंग करून पाठवली तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल, आणि आपल्या दोघींमध्ये खोटं लिहायचं काम तुम्ही पुरेसं केलंय. राग आहे तो आहे. तो घेऊन मी वर्गात जाते, प्रयोगशाळेत जाते, अभ्यास करते, आणि कधीकधी तासभर तो आठवतही नाही. गेलाच कधी, तर मी आपण होऊन कळवीन. तोवर माझ्यासाठी मेणबत्त्या लावू नका. बॉस्टनला फोन लावा, आणि रडू नका.

इदालिना तोस्ते
भौतिकशास्त्र विभाग, तिसरं वर्ष